पाट, पाणी आणि तेरवी: इंग्रजी अमलातील धर्मसुधारणा वऱ्हाडच्या खेड्यात कोणत्या वाटेने आली?

खारपाणपट्टा

नमस्कार मंडळी. गेल्या महिन्यात दर्यापूर तालुक्यातील आमच्या धाब्याच्या घराची एक भिंत उतरवण्याचे काम निघाले, तेव्हा कोनाड्यामागून पत्र्याची एक पेटी निघाली. तीत चार-दोन सावकारी पावत्या, तांब्याचा एक ताईत आणि स्टॅम्पाच्या कागदावर मोडीत लिहिलेला एक लेख होता. मोडी जाणणाऱ्या गावातल्या एका वृद्ध गृहस्थांनी तो ढोबळमानाने वाचून दिला. माझ्या पणजीने, म्हणजे आजोबांच्या आईने, आपल्या पहिल्या मयत नवऱ्याच्या सात एकर वावरावरचा हक्क थोरल्या दिराच्या नावे राजीखुशीने सोडला, असा त्याचा मतलब आहे. पणजीचा पुढे माझ्या पणजोबांशी पाट, म्हणजे रूढीने होणारा विधवेचा पुनर्विवाह, लागला, हे घरात सर्वांना ठाऊक होते. मात्र ते मोठ्याने कोणी बोलत नसे.

तो कागद पाहिल्यापासून एक प्रश्न मनातून जात नाही. शाळेत आपण सुधारणेचा इतिहास सनावळीने शिकलो: १८२८ ब्राह्मो समाज, १८२९ सतीबंदी, १८५६ विधवाविवाहाचा कायदा, १८६७ प्रार्थना समाज, १८७३ सत्यशोधक समाज, १८७५ आर्य समाज. परीक्षेपुरते ते पुरले. या सनावळीत कलकत्ता आहे, मुंबई आहे, पुणे आहे. पूर्णेकाठचे खेडे नाही. आमच्या कुणब्यांत तर विधवेचा पाट पूर्वापार लागत आला होता आणि त्यासाठी कायद्याची परवानगी कोणी मागितली नव्हती. मग ज्या गोष्टीसाठी पुण्यात शास्त्रीपंडितांचे वाद झडले, ती आमच्याकडे आधीपासूनच होती, असे समजून स्वस्थ बसायचे का? की पणजीच्या त्या सात एकरांचा आणि १८५६ च्या कायद्याचा काही संबंध लागतो? जाणकारांनी लिहावे. वादाला माझी हरकत नाही, पण तो वऱ्हाडच्या मातीवर उभा राहून व्हावा, इतकीच विनंती.

जुना मास्तर

प्रश्न रास्त आहे, परंतु सनावळीत वऱ्हाड नाही हे म्हणणे पुरते खरे नाही. आगरकरांचे शालेय शिक्षण अकोल्यात झाले आणि १८७५ मध्ये ते तेथूनच मॅट्रिक झाले. पुढे पुण्यास जाऊन शिकण्याची त्यांची उमेद टिकली, त्यात अकोल्याच्या शाळेचे मुख्याध्यापक विष्णु मोरेश्वर महाजनी यांचा मोठा वाटा होता. म्हणजे ज्या लेखणीने पुढे केशवपनावर आणि बालविवाहावर कोरडे ओढले, ती लेखणी धरायला वऱ्हाडच्या एका सरकारी शाळेने शिकवले.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी आहे. डिसेंबर १८९७ मध्ये काँग्रेसचे तेरावे अधिवेशन शंकरन नायर यांच्या अध्यक्षतेखाली अमरावतीत भरले आणि त्याच्या जोडीने समाजसुधारकांची सामाजिक परिषदही भरली. दोनच वर्षांपूर्वी पुण्यात या परिषदेला काँग्रेसचा मंडप मिळू नये म्हणून रण माजले होते. अमरावतीच्या वेळी टिळक तुरुंगात होते. न्यायमूर्ती रानड्यांनी पुनरुज्जीवन की सुधारणा, या विषयावर केलेले प्रसिद्ध भाषण याच परिषदेतले आहे. जुने ते सारे परत आणा म्हणणाऱ्यांना त्यांनी विचारले की, जुने म्हणजे नेमके कोणते? ब्राह्मण मांस आणि मद्य सेवन करीत तो काळ, की बारा प्रकारचे पुत्र आणि आठ प्रकारचे विवाह धर्ममान्य होते तो काळ? समाज हा सजीव देह आहे, त्यातले मेलेले पुन्हा जिवंत करता येत नाही, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. हे अमरावतीत बोलले गेले, याचा अभिमान आम्हां वऱ्हाडकरांना फारसा दिसत नाही. शहरातील त्या मंडळींना हलक्यात काढण्याची हल्ली एक चाल पडली आहे. ती मला मान्य नाही.

तिफण

मास्तर, आपला मान राखून लिहितो. ते भाषण मीही वाचले आहे आणि ते धारदार आहे. परंतु आठ प्रकारच्या विवाहांचा प्रश्न ज्यांना पडला होता, त्या श्रोत्यांत आमचा कास्तकार नव्हता. नुकतेच १८९६-९७ चे दुष्काळी साल सरले होते आणि त्याहून भयंकर असा १८९९-१९०० चा दुष्काळ पुढे उभा होता. त्या काळात वऱ्हाडच्या खेड्यातली धर्माची बाब ही सावकाराच्या वहीतली बाब होती, हे लक्षात घेतल्यावाचून पुढचे काहीच उलगडत नाही.

थोडे मागे जातो. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले. अमेरिकेतील यादवीमुळे १८६१ ते १८६५ या काळात कापसाचे भाव चढले, १८६७ पर्यंत रेल्वे नागपुरास पोचली आणि खामगावसारख्या बाजारांत रोकडा खेळू लागला. रयतवारीमुळे वावर गहाण टाकणे आणि विकणे सोपे झाले. कपाशीच्या भरवशावर उधारी मिळू लागली आणि लग्न, बारसे, नवसाचे बोकड, तेरवी या साऱ्यांचे आकारमान वाढत गेले. भाव पडला की तेरवीच्या पंगतीचे कर्ज वावरावर चढे. बाप मेल्यावर गावजेवण घालण्यासाठी मुलाने गहाण टाकलेले वावर नातवाच्या हयातीतही सुटले नाही, अशी घरे आमच्या गावात आजही मोजून दाखवता येतात.

गाडगेबाबांचे काम मला या वहीच्या पार्श्वभूमीवर दिसते. २३ फेब्रुवारी १८७६ ला शेणगावात परिटाच्या घरी जन्मलेला डेबूजी मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे मामाच्या घरी वाढला. मामाची शेती सावकारी कर्जात कशी गेली, ते त्याने डोळ्यांनी पाहिले. अमरावतीत रानडे बोलत होते तेव्हा हा तरुण एकवीस वर्षांचा होता आणि नांगर हाकीत होता. पुढे मुलीच्या बारशाला दारू आणि मटण न देता त्याने गोडाचे जेवण घातले, तेव्हा जातभाई रुसले. आमच्याकडची सुधारणा मला तेथून सुरू झालेली दिसते. १९०५ मध्ये त्याने घर सोडले.

माझ्या आजोबांनी लहानपणी बाबांचे कीर्तन ऐकले होते. ते सांगत की, दुपारी अंगावर चिंध्यांचा झगा, डोक्यावर खापर, एका कानात कवडी आणि दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच, अशा वेषातला एक माणूस आखरापासून झाडू मारत मारत मारुतीच्या पारापर्यंत आला. बायका घाईघाईने आपापल्या दारापुढचे शेण उचलू लागल्या. त्याने खापरातच भाकर आणि चटणी घेतली. रात्री कीर्तनात तो उपदेश करीत नव्हता, नुसते प्रश्न विचारीत होता आणि उत्तर लोकांकडूनच वदवून घेत होता. देवाला बोकड कोणी मागितले? कर्ज कोणी काढले? कागदावर अंगठा कोणी उठवला? आजोबांच्या म्हणण्याप्रमाणे, तिसऱ्या प्रश्नाला ज्यांनी हसत उत्तर दिले, त्यांच्यातलेच चौघे खाली मान घालून बसले. पाया पडू द्यायचा नाही, हारतुरे घ्यायचे नाहीत आणि कीर्तन आटोपताच रातोरात पुढच्या गावाची वाट धरायची, असा त्यांचा नेम होता. ठराव मांडून तेरवी बंद करता आली नसती. स्वतःच्या तोंडाने उत्तर दिल्यावर मात्र दुसऱ्या दिवशी सावकाराच्या ओट्यावर बसायला लाज वाटू लागते.

पूर्णामाय

खारपाणपट्टा भाऊ, मी तालुक्याच्या न्यायालयात दिवाणी कामे पाहते, त्यामुळे आपल्या कागदाविषयी लिहिणे मला भाग आहे. आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आहे, आणि ते फारसे सुखद नाही.

१८५६ चा कायदा विधवेच्या पुनर्विवाहाला मान्यता देतो, इतकेच सर्वांना ठाऊक असते. त्याचे दुसरे कलम कोणी वाचत नाही. विधवेला मयत नवऱ्याच्या मिळकतीत पोटगी किंवा वारसा या नात्याने जो काही हक्क असेल, तो पुनर्विवाह होताच संपेल आणि जणू ती त्याच वेळी मरण पावली असे समजून पुढच्या वारसाला मिळकत जाईल, असा त्या कलमाचा अर्थ आहे. आता पाहा. ज्या जातींत पुनर्विवाहाला बंदी होती, त्या जातींतील बाईला या कायद्याने काहीतरी दिले आणि त्या बदल्यात मिळकत काढून घेतली. ज्या जातींत पाट आधीपासून लागत होता, त्या बाईला कायद्याने नवे काय दिले? काहीच नाही. मग तिची मिळकत काढून घ्यावी की नाही? यावर उच्च न्यायालयांत दोन तट पडले. रूढीनेच पुनर्विवाह करणाऱ्या बाईला दुसरे कलम लागू नाही, असे अलाहाबादने धरले. ते लागू आहे, अशी भूमिका मुंबईने १८९६ च्या निकालात घेतली. वऱ्हाड मुंबईच्या उच्च न्यायालयाच्या कक्षेत नव्हते, येथे ज्युडिशियल कमिशनरचे न्यायालय होते. परंतु या भूमिकांची चर्चा वकिलांच्या ओट्यावर होत नसेल, असे मानण्याचे कारण नाही.

आणखी एक. १९३७ च्या कायद्याने हिंदू विधवेला नवऱ्याच्या मिळकतीत वाटा मिळाला, म्हणून शहरात स्वागत झाले. १९४१ मध्ये फेडरल कोर्टाने सांगितले की, प्रांतांतील शेतजमिनीला तो लागू होत नाही, त्यासाठी प्रांतांनी वेगळा कायदा करावा. खेड्यातल्या बाईला नवऱ्यामागे उरणारी मिळकत वावराखेरीज दुसरी कोणती असते? सुधारणेचा कायदा नेमका बांधापाशी येऊन थांबत होता.

पाटाविषयीही आपण थोडे गोड समज करून घेत आहोत. माझ्या आईच्या आजोळी सांगत की, पाट रात्री लागे, कृष्ण पक्षात लागे, त्याला मांडव नसे आणि सवाष्णी तेथे फिरकत नसत. नवरा अविवाहित असेल तर आधी त्याचे लग्न रुईच्या झाडाशी लावत, म्हणजे विधवेशी होणारा संबंध त्याचा दुसरा ठरे. पाटाच्या बाईला मंगलकार्यात पुढे येऊ देत नसत. तेव्हा पुण्याच्या आधी आमच्याकडे सुधारणा होती, असे म्हणताना त्या अंधाराचीही आठवण ठेवावी.

जुना मास्तर

पूर्णामाय ताई, दुसऱ्या कलमाची ही बाजू माझ्या ध्यानात नव्हती. शिकवण्याच्या इतक्या वर्षांत मी तो कायदा एका वाक्यात उरकत आलो.

यात एक भर घालतो. जी कुणबी घरे पाटीलकी, देशमुखी किंवा कापसाच्या पैशाने वर आली, त्यांनी प्रतिष्ठेसाठी पाट बंद केला. आमच्यात पाट नाही, हे वाक्य सोयरिकीच्या बोलणीत अभिमानाने उच्चारले जाई. म्हणजे १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी विधवेशी लग्न करून मुरूडकरांचा बहिष्कार ओढवून घेतला, त्याच काळात आमच्याकडची सधन घरे उलट्या दिशेने चालली होती. पुण्यातला ब्राह्मण जे सोडू पाहत होता, ते वऱ्हाडातला पाटील मानाचे म्हणून उचलीत होता. एकाच गाडरस्त्यावर दोन बैलगाड्या समोरासमोर याव्यात, तसा हा प्रकार आहे. आपल्या घरी पणजीचा पाट मोठ्याने बोलला जात नसे, याचे कारण मला येथे दिसते.

निळी पहाट

धागा चांगला चालला आहे, म्हणून जी गोष्ट अजून कोणी लिहिली नाही, ती मी लिहितो. आतापर्यंत लग्न आणि जेवण यांवर बोलणे झाले. धागाकर्त्यांनी आपले नाव खारपाणपट्टा घेतले आहे, तरी पाण्याचा उल्लेख नाही.

पूर्णेच्या खोऱ्यात भूगर्भातले पाणी खारट आहे. विहीर खोदली की गोडे पाणी लागेलच, असे येथे होत नाही. दहा विहिरींत एखादी गोडी निघते आणि ती गावाच्या मालकीची असते. गाव या शब्दात आमचा, म्हणजे अस्पृश्यांचा, वाडा मोजला जात नसे. इतरत्र अस्पृश्यतेमुळे वेगळ्या विहिरीचे पाणी प्यावे लागे, येथे खारे पाणी प्यावे लागे. माझी आजी सांगे की, गोड्या विहिरीवर दुसऱ्याने वरून ओतून द्यावे म्हणून बायका घागर घेऊन तासन्तास उभ्या राहत, आणि ओतणारीला घाई असली तर अर्धे पाणी जमिनीवर सांडे. त्या सांडलेल्या पाण्यावर नजर खिळलेली असताना सामाजिक परिषदेत काय ठराव झाला, याचे सोयरसुतक आम्हांला असण्याचे कारण नव्हते.

दुसरे असे की, हिंदू सुधारणा या मथळ्याखाली आमची चळवळ बसवताना जपून बसवावी. विदर्भात ती बाहेरून आलेली नाही. मोहप्याचे किसन फागूजी बनसोडे यांनी १९०७ मध्ये नागपुरात मुलींसाठी चोखामेळ्याच्या नावाने शाळा काढली. स्वतःचा छापखाना घालून १९१० मध्ये 'निराश्रित हिंद नागरिक', १९१३ मध्ये 'विटाळ विध्वंसक' आणि १९१८ मध्ये 'मजूर पत्रिका' ही पत्रे चालवली. पत्रांची नावे क्रमाने वाचली तरी विचार कसा सरकत गेला, ते दिसते: आधी निराधार म्हणून केलेली मागणी, मग विटाळावरच घाव, मग मजुरीचा प्रश्न. मे १९२० च्या अखेरीस शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली नागपुरात अखिल भारतीय बहिष्कृत परिषद भरली. १३ नोव्हेंबर १९२७ ला अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरमध्ये डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली वऱ्हाड प्रांतिक परिषद झाली. अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह तोंडावर आला होता आणि पंचमंडळींना विचाराला वेळ द्यावा म्हणून तो पुढे ढकलला गेला. तो वेळ घेऊन पंचांनी दार उघडले नाही. ज्या अमरावतीत रानडे बोलले, तीच ही अमरावती. मध्ये तीस वर्षे गेली होती.

वर्धेकर

मंदिराच्या बाबतीत आमच्या वर्ध्याची नोंद व्हावी. जमनालाल बजाज यांनी जुलै १९२८ मध्ये आपले लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्यांना खुले केले. गांधीजींनी आपला हरिजन दौराही ७ नोव्हेंबर १९३३ रोजी वर्ध्याहूनच सुरू केला. अंबादेवीचे पंच वेळ मागत होते, त्याच्या पुढच्याच वर्षी ऐंशी-नव्वद किलोमीटरवर एक मोठे मंदिर उघडले, हे लहान नाही.

निळी पहाट

वर्धेकर दादा, ते लहान नाही, हे मान्य. बजाजांना त्यासाठी स्वजातीयांचा रोष पत्करावा लागला, हेही मान्य. पण ते मंदिर एका धनिक घराण्याचे होते आणि मालकाने ठरवले म्हणून उघडले. गावाची विहीर कोणाच्या एकट्याच्या मालकीची नसते, म्हणून ती उघडायला कोणी एकटा पुरत नाही. त्याच १९२७ च्या मार्चमध्ये महाडला आधी तळे धरले गेले. काळाराम मंदिराचा सत्याग्रह १९३० मध्ये, पाण्याच्या नंतर आला. हा क्रम मला सहज पडलेला वाटत नाही.

गाडगेबाबांविषयी तिफण भाऊंनी लिहिले ते पटले. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबांनी पुढे बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हाती दिली, हे त्यात असायला हवे होते. ज्याला वारीत मुक्कामाला ओसरी मिळत नव्हती, त्याच्यासाठी बाबांनी आधी छप्पर उभे केले आणि मग ते छप्पर शिक्षणाला देऊन टाकले. नुसत्या झाडूवर बाबांचे मोठेपण संपवू नये. हल्ली झाडू घेऊन छायाचित्र काढण्याची जी रीत पडली आहे, तिच्यामुळे बाबांचे प्रश्न बाजूला पडले आणि झाडू तेवढा उरला.

तिफण

धर्मशाळेचे राहिले खरे, चूक माझी. छात्रालयांचाही विषय निघायला हवा, कारण मंदिर आणि विहीर यांच्यानंतर तिसरे दार पंगतीचे होते. पापळचे पंजाबराव देशमुख ऑक्सफर्डला वैदिक वाङ्मयातील धर्मावर प्रबंध लिहून परतले. वेदांवर बोलण्याचा अधिकार कोणाला, या जुन्या वादाला कुणब्याच्या मुलाने दिलेले ते उत्तर मला फार आवडते. १९२७ मध्ये त्यांनी स्वतः आंतरजातीय विवाह केला. अमरावतीत स्वामी श्रद्धानंदांच्या नावाने छात्रालय काढून सर्व जातींची मुले एका स्वयंपाकघरात जेवायला बसवली आणि अंबादेवीच्या प्रश्नात ते अस्पृश्यांच्या बाजूने उभे राहिले. पुढे प्रांताच्या कायदेमंडळात देवस्थानांच्या संपत्तीचा हिशेब मागणारे विधेयक आणले. देवळात कोणी जावे, यासोबत देवळाचा पैसा कोठे जावा, हेही विचारले पाहिजे, असे म्हणणारा हा माणूस होता. आणि हा दुसरा प्रश्न विचारला की सुधारकांतलेही पुष्कळजण गप्प होतात.

कायद्याने खेड्यात काय होते, याचा आणखी एक मासला देतो. १९२९ च्या शारदा कायद्याने लग्नासाठी मुलीचे किमान वय १४ आणि मुलाचे १८ ठरवले. तो १ एप्रिल १९३० पासून लागू होणार होता. त्याआधीच्या महिन्यांत देशभर लग्नांची एकच घाई उडाली. आमच्या घरातली एक आत्याआजी त्या फाल्गुनात सहा वर्षांची असताना उजवली गेली. बोहल्यावर तिला झोप लागली, म्हणून मामाने उचलून धरले आणि अक्षता तिच्या केसांत राहिल्या, एवढेच तिला मोठेपणी आठवे. कायदा लागू झाल्यावरही खाजगी माणसाने फिर्याद दिल्याखेरीज न्यायालय दखल घेत नसे, फिर्याद वर्षाच्या आत द्यावी लागे आणि फिर्यादीकडून शंभर रुपयांपर्यंत जातमुचलका घेता येई. शंभर रुपयांची जोखीम घेऊन गावातल्या सोयऱ्यावर फिर्याद कोण करणार होते?

वर्धेकर

सामुदायिक प्रार्थनेचा विषय कोणी काढला नाही. तुकडोजी महाराजांनी १९३५ मध्ये मोझरीला गुरुकुंज आश्रम स्थापला. त्यानंतर गावोगावच्या गुरुदेव सेवा मंडळांत रोज सायंकाळी सर्व जातींची माणसे एका सतरंजीवर रांगेने बसू लागली. खंजिरीच्या ठेक्यावर शंभर माणसे एकत्र बसतात, तेव्हा शेजारी कोण बसला आहे, हे पाहायला फारशी उसंत राहत नाही. ग्रामगीतेने या कामाला शास्त्र दिले.

जुना मास्तर

एक दुरुस्ती. ग्रामगीता १९५५ ची आहे, म्हणजे इंग्रज गेल्यानंतरची. मथळा इंग्रजी अमलाचा असल्याने ती येथे पुरावा म्हणून घेता येणार नाही. खंजिरीचे मात्र घेता येते. १९४२ मध्ये महाराजांना नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात ठेवले गेले, याचा अर्थ सरकारलाही त्या सतरंजीची दखल घ्यावी लागली होती.

पूर्णामाय

धागाकर्त्यांच्या कागदाकडे परत यावे, अशी माझी इच्छा आहे, कारण त्यात एक गोष्ट मला खटकते. मुंबईच्या मताप्रमाणे पाट लागताच वावर आपोआप दिराकडे जाणार होते. कायदा दिराच्या बाजूचा असताना त्याने स्टॅम्पाचा खर्च करून तो कागद का लिहून घेतला? रूढीच्या जातींना कलम लागू आहे की नाही, याबद्दल त्याच्या वकिलाला धाकधूक होती का? की काही वेगळेच होते?

मोडीवाचक

हा धागा मी पहिल्यापासून वाचतो आहे. ताईंच्या शंकेचे उत्तर कागदाच्या शेवटच्या चार ओळींत मिळू शकते. तेथे तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली म्हणजे मिती: तिथी आणि शक स्पष्ट लिहिलेले असतील. लेख पाटानंतरचा असेल, तर दिराने कायद्याची खुंटी बळकट करून घेतली, असे म्हणता येईल. तो पाटाआधीचा असेल, तर प्रकरण निराळे आहे. पाटाला पहिल्या नवऱ्याच्या घराची संमती लागत असे, तिच्यासाठी फारकत घेतली जाई आणि बहुधा काहीतरी मोजावे लागे. तसे असल्यास ते सात एकर कायद्याने गेले नाहीत. ती संमतीची किंमत होती आणि कायदा नुसता मागे उभा होता. दुसरी गोष्ट म्हणजे बकलम कोणाचे आहे, म्हणजे लेख कोणी लिहिला. तिसरी म्हणजे लिहून देणारीची निशाणी. सहीच्या जागी काय आहे, ते कृपया नीट पाहून कळवावे. वाचून देणारे पुष्कळदा तेवढेच सोडून देतात.

खारपाणपट्टा

उत्तराला आठ दिवस लागले, क्षमस्व. कागद घेऊन अकोल्याला एका जाणकारांकडे गेलो होतो.

मिती माघ वद्य शके १८३३ ची आहे, म्हणजे इंग्रजी १९१२ चा फेब्रुवारी. पाट कधी लागला, ते घरात कोणी सांगेना. शेवटी ब्याण्णव वर्षांच्या आत्याने सांगितले की, तो वैशाखात, पेरणीच्या आधी लागला, असे तिने आपल्या आजीच्याच तोंडून ऐकले होते. आजोबा थोरले, आणि त्यांचा जन्म कोतवाल बुकात, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीत, १९१३ चा आहे. म्हणजे कागद आधीचा आणि पाट तीन महिन्यांनंतरचा. मोडीवाचक दादांनी लिहिलेली दुसरी शक्यता खरी ठरली, असे जाणकारांचेही मत पडले. बकलम गावच्या पटवाऱ्याचे आहे आणि साक्षीदार तिघेही दिराच्या भावकीतले आहेत. पणजीच्या माहेरचे त्यात कोणी नाही.

सहीच्या जागी काय आहे, ते लिहितो. पुरुषांच्या नावापुढे ओढलेला नांगर मी जुन्या पावत्यांवर पाहिला होता. येथे पणजीच्या नावापुढे शाईने काढलेले एक वेडेवाकडे वर्तुळ आहे, बंद करताना टोके जुळलेली नाहीत. त्याखाली पटवाऱ्याच्या अक्षरात लिहिले आहे: निशाणी बांगडी. तो माघ महिना होता, तिच्या बांगड्या फोडल्याला तेव्हा दोन वर्षे झाली होती.